गुडघ्यातले ग्रीस

चिंचवडगावात सकाळचे वर्तमानपत्र उघडले की आतून एखादा रंगीत कागद घसरून खाली पडतो. मे-जूनमध्ये तो शिकवणीच्या वर्गांचा असतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोफासेटचा. गुडघ्यांचा कागद मात्र बारमाही. 'गुडघा बदलू नका, वाचवा', 'ऑपरेशनविना गुडघेदुखीतून कायमची सुटका' अशा मथळ्यांचे हे कागद आम्ही गेले वर्षभर रद्दीत न टाकता एका फायलीत लावत आलो. एकवीस जमले. त्यांत इंजेक्शनवाले आहेत, तेल-काढ्यावाले आहेत, पट्टे आणि यंत्रे विकणारे आहेत आणि 'तुमच्याच रक्तातून नवी गादी' तयार करून देणारेही आहेत. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. ज्या मजकुरावर भरवसा ठेवून माणसे पेन्शनीतले पैसे मोजतात, त्याचेही एकदा परीक्षण व्हावे असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

निमित्त आमच्या एका निवृत्त सहकारी बाईंचे. तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून त्यांनी गणित शिकवले. साठीनंतर गुडघे धरले. केशवनगरातल्या घरापासून मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापर्यंत दर संकष्टीला त्या पायी जात, ते थांबले. मग असाच एक कागद हातात घेऊन त्या एका ठिकाणी गेल्या. तीन इंजेक्शने घेतली, चाळीस हजार रुपये दिले आणि सोबत एक सल्ला घेऊन घरी आल्या: 'आता गुडघा जपा, चालणे कमी करा, जिना तर नकोच.' सल्ला त्यांनी इमानाने पाळला. आठ महिन्यांत मांड्या अशा सुकल्या की खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला. पैसे गेले याचे आम्हाला वाईट वाटलेच; पण त्या सल्ल्याचे अधिक वाटले. कारण तो कोणाच्या तोंडून चुकून निघालेला नव्हता. या कागदांच्या भाषेतूनच तो आपोआप निघतो.

ती भाषा कारखान्याची आहे. 'वंगण संपले', 'गादी झिजली', 'हाडावर हाड घासते', आणि एका कागदावर तर चक्क 'गुडघ्यातले ग्रीस'. चिंचवडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. इथे बेअरिंगचा कारखाना आहे, आसपास वाहनांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी अगणित वर्कशॉपे आहेत. फिरत्या भागाला ग्रीस मिळाले नाही तर काय होते, हे ज्याने शॉपफ्लोअरवर आयुष्यभर पाहिले, त्याला गुडघ्यात ग्रीस भरायचे म्हटले की लगेच पटते. आणि गुडघा म्हणजे बेअरिंग हे एकदा पटले, की पुढचे अनुमान टळत नाही: जितके फिरवाल तितके झिजेल, म्हणून फिरवू नका.

इथेच उपमा फसते. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती पोलादाची नव्हे, जिवंत ऊती आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही दाबावे आणि सोडावे अशा क्रियेने. पायावर भार आला की ती ओल्या स्पंजासारखी किंचित दबते आणि द्रव बाहेर जातो. भार उतरला की पुन्हा आत शोषला जातो. चालणे म्हणजे कूर्चेचे जेवण, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दीर्घकाळ निश्चल राहिलेल्या पायातली कूर्चा पातळ होते, असे आढळून आलेले आहे. बेअरिंग कपाटात ठेवले तर वर्षानुवर्षे तसेच राहते. गुडघा कपाटात ठेवला तर बिघडतो.

रक्तवाहिन्या नसल्यामुळेच कूर्चेची झालेली हानी सहजासहजी भरून येत नाही, आणि म्हणूनच 'नवी गादी' हा दावा फार मोठा आहे. तिच्यात मज्जातंतूही नाहीत. म्हणजे दुखते ती कूर्चा नव्हे. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर आणि आसपासचे बंध. एक्स-रेत भयंकर दिसणारा गुडघा घेऊन माणसे खुशाल फिरतात आणि बऱ्या दिसणाऱ्या गुडघ्याने कोणाची झोप उडते, याचे एक कारण हेच आहे.

एक्स-रेवरून आठवले. फायलीतल्या चार कागदांवर 'आधी' आणि 'नंतर' असे जोडचित्र आहे. आधीच्या चित्रात हाडे चिकटलेली, नंतरच्यात मधे छान फट. आता गुडघ्याचा एक्स-रे उभे राहून काढला तर शरीराचा भार पडून ही फट अरुंद दिसते; झोपून काढला तर तीच रुंद दिसते. गुडघा किती वाकवला होता यानेही फरक पडतो. चारांपैकी एकाही कागदावर रुग्ण उभा होता की आडवा, हे लिहिलेले नाही. भिंग लावूनही पाहिले.

वंगणाच्या इंजेक्शनाबद्दल थोडे. सांध्यातल्या द्रवात हायलुरॉनिक आम्ल असते, तेच बाहेरून भरतात. कल्पना वरवर पाहता वावगी नाही. पण २०२२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १६९ चाचण्यांचा आणि एकवीस हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नुसते पाणी टोचून मिळणाऱ्या आरामापेक्षा या इंजेक्शनाचा आराम इतका थोडा निघाला, की रुग्णाला तो जाणवेलच असे म्हणता येत नाही.

नुसते पाणी टोचूनही आराम मिळतो, हे वाक्य वाचून कोणी थबकले असेल तर बरेच झाले. सगळ्या कागदांचा कणा म्हणजे अनुभवकथन: 'सहा महिन्यांपूर्वी जिना चढता येत नव्हता, आज सिंहगड चढले.' ही माणसे खोटे बोलतात असे आम्ही मानत नाही. त्यांना बरे वाटलेही असेल. प्रश्न इतकाच, की ते बरे वाटणे औषधाचे होते काय?

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दोन फासे टाकावेत. ज्यांची बेरीज ९ किंवा अधिक येईल ते 'रुग्ण'; असे सोळा-सतरा निघतील. त्यांच्या वेदनेची सरासरी सुमारे १० येईल. प्रत्येकाला एक चमचा पाणी 'औषध' म्हणून पाजावे आणि फासे पुन्हा टाकायला लावावेत. आता सरासरी ७ च्या आसपास येईल आणि शेकडा ७२ रुग्ण 'बरे' होतील. पाण्याने काही केलेले नाही, हे मुलांना लगेच कळते. ज्यांची बेरीज मोठी आली त्यांनाच आपण निवडले होते, एवढेच. गुडघ्याची वेदनाही अशीच चढ-उतार करते. माणूस कागद शोधून दवाखान्यात जातो तो वेदना चढलेल्या आठवड्यात. उतरलेल्या आठवड्यात तो जात नाही. फाशाला आठवण नसते आणि गुडघ्याला असते, त्यामुळे प्रत्यक्षातली घट प्रयोगातल्याइतकी मोठी नसते, हेही मुलांना सांगावे. शिवाय पाण्याच्या इंजेक्शनात डॉक्टरांचा धीर, टोचण्याचा थाट आणि मोजलेल्या पैशांची आशा हीदेखील मिसळलेली असते.

ही घट किती असते? अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉयटिन या गोळ्यांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. वेदना निदान २० टक्क्यांनी उतरली तर 'गुण आला' असे मानले होते. चोवीस आठवड्यांनंतर ग्लुकोसामीन घेणाऱ्या शंभरांपैकी ६४ जणांना गुण आला होता. हा आकडा कागदावर किती शोभेल! पण औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांतही शंभरांपैकी ६० जणांना गुण आला होता, आणि हा दुसरा आकडा कागदावर कधी छापला जात नाही. सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाने ७० जणांना गुण आला. म्हणजे त्याचे स्वतःचे कर्तृत्व शंभरांत दहांचे.

रक्तातून गादी तयार करण्याचेही असेच झाले. रुग्णाचे रक्त घुसळून त्यातला बिंबिकांनी समृद्ध भाग गुडघ्यात टोचायचा, अशी ही पद्धत. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर तिची चाचणी झाली. निम्म्यांना दर आठवड्याला एक अशी तिची तीन इंजेक्शने, निम्म्यांना तितकीच मिठाच्या पाण्याची. कोणाला काय दिले हे रुग्णाला ठाऊक नाही. २०२१ साली निष्कर्ष आले. बारा महिन्यांनी दहाच्या मापावर वेदना एका गटात २.१ ने, दुसऱ्यात १.८ ने कमी झाली होती. कूर्चेचे आकारमान एका गटात १.४ टक्के घटले होते, दुसऱ्यात १.२ टक्के. नवी गादी तयार होणे दूरच, आहे तीही मिठाच्या पाण्यापेक्षा जास्त राखली गेली नाही.

आणि हा दोष फक्त कागदवाल्यांचा आहे असे कोणी समजू नये. दुर्बिणीतून गुडघा धुऊन-खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया प्रतिष्ठित रुग्णालयांत वर्षानुवर्षे सर्रास होत होती. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १८० रुग्णांच्या चाचणीत एका गटाच्या गुडघ्यावर नुसते छेद घेऊन टाके घातले, आत काहीच केले नाही. दोन वर्षांनंतर त्यांच्यात आणि खऱ्या शस्त्रक्रियावाल्यांत फरक सापडला नाही. हे २००२ सालचे.

आता घरची गोष्ट. आयुर्वेदाची औषधे विकणारे तीन कागद 'पुण्यातल्या संशोधनाने सिद्ध' असे म्हणतात. संशोधन खरोखरच झालेले आहे, आणि ते वाचण्यासारखे आहे. पुण्याच्या 'सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस'चे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. अश्वगंधा, साळई, आले आणि हळद यांचे मिश्रण ४५ रुग्णांना आणि बिनऔषधाची गोळी ४५ रुग्णांना, बत्तीस आठवडे. दहाच्या मापावर वेदना औषधाने २.७ ने उतरली, बिनऔषधाच्या गोळीने १.३ ने. म्हणजे ढोबळमानाने निम्मा गुण औषधाविना आला आणि निम्मा औषधाचा. रुग्ण थोडे होते, पण मांडणी चोख होती.

त्याच गटाची २०१३ सालची चाचणी बरीच मोठी, ४४० रुग्णांची. केंद्र सरकारच्या योजनेतून झालेली. सुंठ, गुळवेल आदींची दोन मिश्रणे एकीकडे, ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब दुसरीकडे. चोवीस आठवड्यांनी चारही गट सारखेच ठरले. 'आयुर्वेद सेलेकॉक्सिबच्या तोडीचा' असा त्याचा गाजावाजा झाला. आमचा आक्षेप इथे आहे. या चाचणीत बिनऔषधाचा पाचवा गट नव्हता. चारही गट सारखे आले, याचा अर्थ चारही औषधे गुणकारी आहेत असा होऊ शकतो. चौघांचेही फासे आपोआप खाली आले, असाही होऊ शकतो. ग्लुकोसामीन बिनऔषधाच्या कॅप्सूलपेक्षा ठळकपणे सरस नाही हे अमेरिकेत २००६ साली दिसलेले असताना, त्याच्याशी बरोबरी करणे ही पावती की शेरा? पाचवा गट असता तर उत्तर मिळाले असते. चाचणी करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र शंका नाही. मिश्रणे घेणाऱ्या सात रुग्णांच्या रक्तात यकृताचे एक वितंचक वाढल्याचे त्यांनीच नोंदवले. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृतदाहाची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली, तो वाद वेगळा. पण 'दुष्परिणाम शून्य' असे छापणाऱ्या कागदांना ही सात नावे नसलेली माणसे माहीत असायला हवी होती. कागदावर विकले जाणारे तेल आणि काढा हे त्या चाचणीतले मिश्रण नव्हेच, हे तर सांगायलाच नको.

आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ सालचा कायदा आपल्याकडे आहे. ज्या रोगांवर इलाजाच्या जाहिराती करू नयेत त्यांची एक यादी त्याला जोडलेली आहे आणि त्या यादीत संधिवात आहे. असो.

मग गुडघा न बदलता करण्यासारखे काही आहे की नाही? आहे, पण ते विकायला कठीण आहे. पहिले वजन. चालताना पडणारा भार मोजून अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवले, की शरीराचे वजन एक किलो उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. दिवसाची काही हजार पावले धरून गुणाकार मुलांकडून करून घ्यावा. तिथेच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४५४ वजनदार माणसांचे तीन गट केले होते: नुसता आहार, नुसता व्यायाम, दोन्ही. दीड वर्षानंतर दोन्ही करणाऱ्यांचे वजन सुमारे ११ टक्के उतरले आणि वेदना सर्वांत कमी राहिली. दुसरे, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम. तिसरी काठी, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. कितीतरी लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. दुखणे वाढेल तेव्हा वरून चोळायचे वेदनाशामक मलम. सांध्यात टोचायचे स्टिरॉइड काही आठवडे दिलासा देते. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते टोचले तेव्हा कूर्चा जास्त घटली आणि वेदनेत फरक पडला नाही, असे २०१७ साली दिसले. पाय धनुकलीसारखे वाकून आतल्या बाजूचाच सांधा बिघडला असेल आणि वय फार नसेल, तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया आहे. सांधा स्वतःचाच राहतो. फायलीतल्या एकाही कागदावर तिचे नाव नाही, कारण ती 'ऑपरेशनविना' नाही.

व्यायामाला आम्ही वेगळा न्याय लावतो काय, असे कोणी विचारील, आणि विचारावे. व्यायाम करतो आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही. त्यामुळे आशेचा वाटा वेगळा काढणे अवघड. डेन्मार्कमध्ये २०६ रुग्णांपैकी एका गटाला आठ आठवडे व्यायाम आणि माहितीचे वर्ग दिले, तर दुसऱ्याला 'हे मिठाचे पाणी आहे' असे सांगून चार इंजेक्शने दिली. नवव्या आठवड्याला दोन्ही गट सारखेच. २०२२ सालच्या या निष्कर्षाने व्यायामवाल्यांची चांगलीच पंचाईत केली. तेव्हा वेदनेवर व्यायामाचा निखळ परिणाम फार मोठा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याने मांडीत बळ येते, तोल सावरतो, रक्तातली साखर आवरते, आणि त्यासाठी चाळीस हजार मोजावे लागत नाहीत. मिठाच्या पाण्याने खुर्चीतून उठता येत नाही.

राहिला तो मुख्य प्रश्न: हे सगळे गुडघा बदलण्याला पर्याय आहे काय? याची सरळ चाचणी एकच आम्हाला चांगली वाटली, तीही डेन्मार्कचीच, २०१५ सालची. गुडघा बदलण्याच्या अवस्थेला आलेल्या १०० रुग्णांपैकी चिठ्ठ्या टाकून ५० जणांचा गुडघा बदलला आणि शिवाय व्यायाम-आहार इत्यादी दिले. उरलेल्या ५० जणांना फक्त व्यायाम-आहार इत्यादी. वर्षाने शंभरांच्या मापावर पहिल्या गटाची सुधारणा सुमारे ३२, दुसऱ्याची १६. म्हणजे बदललेल्या गुडघ्याने दुप्पट गुण दिला. मात्र गंभीर उपद्रव पहिल्या गटात २४ घडले, दुसऱ्यात ६. आणि दुसऱ्या गटातल्या पन्नासांपैकी तेरा जणांनीच त्या वर्षात गुडघा बदलून घेतला. सदतीस जणांनी नाही.

'वाचवा की बदला' असा भांडणाचा प्रश्न यातून उभा राहत नाही. खर्चाची भीती घालणारे कागद अजून जुनेच आकडे छापतात, तेही बरोबर नाही. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा सर्वसाधारण वापरातल्या सांध्याची किंमत दीड लाखाच्या पुढून ५४,७२० रुपयांवर आली होती. रुग्णालयाचा खर्च त्याशिवाय.

हे सारे आकडे घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. फाशांचे १० आणि ७ त्यांनी आमच्या आधीच तोंडी काढले. गेले चार महिने त्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव करताहेत. सुरुवातीला दोनदा जमत नव्हते, आता बारा वेळा जमते. मागच्या संकष्टीला जाताना चालत आणि येताना रिक्षाने, असे समाधिमंदिराचे दर्शनही झाले. रात्री गुडघा अजून ठणकतो. डेन्मार्कच्या चाचणीचा कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "म्हणजे सर, मी तेरांतली की सदतिसांतली, हे मला पुढच्या वर्षीच कळणार." आम्ही हो म्हणालो.